लाकडी खणांची पेटी भेट म्हणून सजवताना: कोऱ्या लाकडापासून बांधाबांधीपर्यंत

हाताने सजवलेली खणांची पेटी कुणाला भेट द्यायचं ठरलं की डोक्यात आधी येतो रंग आणि मग नक्षी. फुलं की पक्षी, निळा की हस्तिदंती. हा विचार जरा बाजूला ठेवा. पेटीचे खण रोज ओढले जाणार, ढकलले जाणार, तेही घाईत आणि एका हाताने. नक्षी थोडी वाकडी गेली तर कुणाच्या नजरेलाही येत नाही. खण अडकायला लागला की मात्र पेटी कितीही देखणी असो, ती वापरातून जाते. म्हणून पुढचा प्रत्येक टप्पा खण सुटसुटीत सरकत राहिला पाहिजे, या एकाच हिशोबाने सांगितला आहे.

दुसरा हिशोब दिवसांचा. प्रत्यक्ष हाताचं काम दोन-तीन सुट्ट्यांत उरकतं, पण व्हार्निश पुरतं कडक व्हायला साधारण तीन ते चार आठवडे जातात. तेव्हा भेट द्यायच्या तारखेपासून उलटं मोजा आणि सव्वा महिना आधी कामाला लागा. आदल्या आठवड्यात सुरुवात करणार असाल, तर रंग आणि व्हार्निश सोडून फक्त मेणाचं पॉलिश आणि छानशा मुठी एवढंच करा. तेही वाईट दिसत नाही.

## काय काय हाताशी हवं

- कोरी, न रंगवलेली लाकडी पेटी
- पॉलिशपेपर १२०, २२० आणि ४०० नंबरचा, आणि तो गुंडाळायला लाकडाचा छोटा ठोकळा
- लाकडाची लांबी, म्हणजे पुट्टी (भेगा आणि खिळ्यांची भोकं बुजवायला)
- प्रायमर किंवा जेसो (दोन्ही रंगाआधी द्यायचं अस्तर)
- ॲक्रिलिक रंग किंवा चॉक पेंट (खडूसारखा मॅट दिसणारा रंग)
- मऊ केसांचा एक इंची सपाट ब्रश, फोमचा लहान रोलर, स्टेन्सिल (नक्षी कापलेली पट्टी) वापरणार असाल तर आखूड ताठ केसांचा गोल ब्रश
- नक्षीसाठी छापील नॅपकिन, राइस पेपर किंवा लेझर प्रिंट
- पांढरा गोंद किंवा खास डेकूपाजचा (कापलेली कागदी चित्रं चिकटवून सजवण्याच्या कलेचा) गोंद
- पाण्यात विरघळणारं ॲक्रिलिक व्हार्निश
- मास्किंग टेप, नवं पातं घातलेला कटर, बेकिंग पेपर
- पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा
- धुळीचा मास्क आणि चार-पाच सुती फडकी

यात काटकसर करायचीच असेल तर रंगात करा, ब्रशमध्ये करू नका. स्वस्त ब्रशचे केस गळतात, ते व्हार्निशमध्ये चिकटून बसतात आणि चिमट्याने उपटताना खाली खड्डा पडतो.

## १. पेटी निवडताना फट बघा

अशा पेट्या बहुधा तीन प्रकारच्या असतात: एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये दाबून केलेली फळी), प्लायवुड आणि पाइनसारखं भरीव लाकूड. एमडीएफचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे रंग आणि कागद दोन्हींना तो सोयीचा. पण त्याच्या कापलेल्या कडा पाणी ओढतात आणि फुगतात. प्लायवुडच्या कडेला थर दिसतात, ते लांबी भरून झाकावे लागतात. भरीव लाकूड दिसायला सगळ्यात छान, मात्र त्यात गाठी असतात आणि दमट हवेत ते थोडं फुगतं. पहिलंच काम असेल तर मी एमडीएफ किंवा प्लायवुड सुचवेन.

लाकूड कुठलंही असो, घेण्याआधी प्रत्येक खण बाहेर काढून परत घाला. खणाच्या दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवून सहज शिरतील एवढी फट हवी. कारण सांगतो. प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन आणि व्हार्निशचे तीन असे सहा हात मिळून पाव मिलिमीटरच्या आसपास थर चढतो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण खणाची डावी बाजू, चौकटीची डावी बाजू, आणि तसंच उजवीकडे, अशा चार पृष्ठभागांवर तो चढवलात की जवळपास एक मिलिमीटर गेला. दुकानात अलगद सरकणारा खण घरी हातोडीने ठोकावा लागतो तो यामुळेच.

## २. खणांना नंबर द्या

सगळे खण दिसायला सारखे असले तरी प्रत्येकाचं त्याच्या-त्याच्या जागेशी जमलेलं असतं. खणाच्या तळाला पेन्सिलीने १, २, ३ लिहा आणि चौकटीत आतल्या बाजूला, मागच्या फळीवर तेच आकडे टाका. पुढच्या बाजूला लिहू नका, पहिल्याच हातात ते रंगाखाली जातील.

मुठी स्क्रूच्या असतील तर आतून स्क्रू सोडवून एका डबीत ठेवा. चिकटवलेल्या असतील आणि हलक्या हाताने पिळून निघत नसतील, तर ओढाताण करू नका. फळीचा तुकडा सोबत येतो. त्यांच्याभोवती टेप लावून काम चालवा.

## ३. घासणं

भरीव लाकूड आधी १२० ने, मग २२० ने, आणि कायम रेषांच्या दिशेने घासायचं. आडवं घासलं की बारीक ओरखडे उमटतात. कोरड्या लाकडावर ते दिसतही नाहीत, पण रंगाच्या पहिल्या हाताबरोबर ठळक होतात. एमडीएफच्या सपाट बाजूंवर २२० चा हलका हात पुरे.

टोकदार कडा ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिशपेपरने किंचित बोथट करा, बोटाला धार लागणार नाही इतक्याच. धारेवर रंगाचा थर पातळ बसतो आणि टवके आधी तिथेच उडतात.

भरीव लाकूड असेल तर आणखी एक पायरी करा. घासून झाल्यावर ओलसर फडकं फिरवा आणि वाळू द्या. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतील, हाताला खरखर लागेल. आता २२० ने पुन्हा एकदा हलकं घासा. ही खरखर आत्ताच काढली नाही तर पाण्यातला रंग लागताच वर येणार. एमडीएफला मात्र ओलं फडकं लावू नका, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. त्याची धूळ फार बारीक असते आणि त्यात रेझिन असतं, तेव्हा मास्क लावा आणि शक्यतो उघड्यावर घासा.

गुळगुळीत झालं की नाही हे बोटांना नीट कळत नाही. जुना नायलॉनचा मोजा हातात घाला आणि फळीवरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे अजून काम बाकी आहे.

## ४. प्रायमर

एमडीएफच्या कडांना आधी गोंद आणि पाणी निम्मं-निम्मं करून पाजा. वाळलं की २२० ने घासा, मग पुन्हा एक हात. कडेने पाणी ओढायचं थांबवलं की मगच प्रायमर. हे टाळलंत तर चार हात देऊनही कडा खडबडीत आणि गडद दिसत राहतात.

पाइनच्या गाठींमधून राळ झिरपते आणि पांढऱ्या रंगावर काही आठवड्यांनी पिवळे डाग उमटतात. साध्या ॲक्रिलिक प्रायमरला ते दाद देत नाहीत. गाठींपुरता शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर लावा, म्हणजे काम झालं.

प्रायमरचा रंग पांढराच घ्या, विशेषतः नॅपकिन चिकटवणार असाल तर. का ते सहाव्या टप्प्यात येईल. चॉक पेंटला प्रायमर लागत नाही म्हणतात आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं, पण गाठीवाल्या लाकडावर तिथेही हा हात चुकवू नये.

## ५. रंग: कुठे लावायचा आणि कुठे नाही

नवशिक्यांची पेटी बिघडते ती बहुतेक वेळा इथे, तेव्हा जरा सावकाश.

रंग लावायच्या जागा: पेटीच्या बाहेरच्या बाजू, माथा, चौकटीचा समोरून दिसणारा भाग, खणाचा दर्शनी भाग आणि त्या भागाची जाडी.

रंग न लावायच्या जागा: खणाच्या बाजूच्या फळ्या, खणाचा तळ, तो ज्यावर सरकतो त्या पट्ट्या आणि चौकटीचा आतला भाग. समोरच्या कडेपासून पाच-सहा मिलिमीटर आत रंग गेला तर चालेल, खण थोडा उघडा राहिला तरी कोरं लाकूड डोळ्यांत येत नाही. त्याच्यापुढे मास्किंग टेप लावून टाका.

खणाच्या बाजूंनाही रंग हवाच असेल, आणि अर्धा उघडलेला खण रंगाची कोर दाखवतो तेव्हा खरंच सुंदर दिसतं, तर जाड रंग लावू नका. ॲक्रिलिकमध्ये पाणी घालून तो अगदी पातळ करा, फडक्याने चोळा आणि लगेच पुसून घ्या. रंग लाकडात मुरतो, थर चढत नाही. वरून मेण, पण ते सगळं व्हार्निश उरकल्यावर.

खण बाहेर काढून, पाठ टेकवून आणि दर्शनी भाग वर करून ठेवा. उभ्या फळीवर रंग ओघळतो, आडव्यावर नाही. हात पातळ द्या. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात कधीही बरे, मधे दोन-तीन तास जाऊ द्या आणि वाळल्यावर ४०० ने पुसट घासा. ब्रश मधून कडेकडे आणि कडेच्या बाहेर न्यायचा. कडेवरून आत ओढलात की ब्रशमधला रंग धारेवर निथळतो आणि खालच्या बाजूला थेंबांची रांग धरते. ही रांग वाळली की हमखास खण अडवते.

टेप काढायचा तो शेवटचा हात किंचित ओलसर असतानाच, स्वतःवर दुमडून तिरका ओढत. पूर्ण वाळू दिलात तर टेपबरोबर रंगाची साल निघते.

दोन्ही हात पूर्ण वाळले की खण आपापल्या नंबरच्या जागी घालून बघा. घासतो आहे असं वाटलं तर खणाच्या बाजूंवर पेन्सिल आडवी फिरवून शिसं लावा आणि दोन-तीनदा आत-बाहेर करा. चौकटीवर जिथे शिसं उतरलं, तिथेच अडतं आहे. तेवढीच जागा पॉलिशपेपरने घासा. व्हार्निशनंतर हेच करायला जाल तर नक्षीही जाईल.

## ६. नक्षी: कागद चिकटवायचा असेल तर

चित्रकला येत नाही म्हणून हातपाय गाळू नका. अठराव्या शतकात व्हेनिसचे कारागीर महागड्या लाखकामाची नक्कल म्हणून छापील चित्रं कापून फर्निचरवर चिकटवायचे आणि वर व्हार्निशचे थरावर थर द्यायचे. कागदाची कड बोटाला लागू नये इतके. आपण तेच करतो, फक्त थर कमी आणि साहित्य सोपं.

कागद कुठला? छापील नॅपकिनला बहुधा तीन पदर असतात, काहींना दोन. फक्त वरचा छापील पदर वापरायचा. कोपऱ्यावर टेपचा तुकडा लावून ओढलात की पदर सुटे होतात. खालचा एखादा पदर चुकून राहिला तर वाळल्यावर चित्र फुगतं आणि सोलून निघतं, म्हणून दोनदा तपासा. हा पदर इतका पातळ असतो की खालचा रंग आरपार दिसतो. निळ्या खणावर चिकटवलेला गुलाब जांभळट होतो. म्हणून चित्राखाली पांढरं किंवा अगदी फिकट हवं. राइस पेपर जास्त मजबूत, पहिल्या वेळेला तोच घ्या. स्वतःच्या आवडीचं चित्र छापणार असाल तर लेझर प्रिंटरवर छापा. इंकजेटची शाई गोंद लागला की पसरते.

चित्र कात्रीने कापण्यापेक्षा फाडलेलं बरं. ओल्या बारीक ब्रशने चित्राभोवती रेघ ओढा आणि अलगद ओढून वेगळं करा. फाटलेली कड झुपकेदार असते, रंगात मिसळून जाते.

चिकटवायचं कसं? ओल्या गोंदावर नॅपकिन टाकला की सुरकुत्या पडतात, ओढला की फाटतो. यावर इस्त्रीची पद्धत मला सगळ्यात खात्रीची वाटते. खणाच्या दर्शनी भागावर गोंदाचे दोन हात द्या आणि ते पूर्ण वाळू द्या. बोटाला अजिबात चिकटता कामा नये. मग चित्र ठेवा, त्यावर बेकिंग पेपर, आणि मध्यम गरम, वाफ बंद केलेली इस्त्री मधून बाहेर दाबत न्या. वाळलेला पांढरा गोंद उष्णतेने मऊ होतो आणि कागद धरून ठेवतो. सुरकुती पडायला ओलच नसते. एका जागी काही सेकंदच दाबायचं, पेपर उचलून बघायचं, कोपरा सुटा असेल तर पुन्हा. राइस पेपरला ही खटपट लागत नाही. तो ओल्या गोंदावर ठेवून वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद दाबत हवा बाहेर काढली की बसतो.

कागद चिकटला की वरून गोंदाचा एक पातळ हात, आणि रात्रभर विश्रांती.

एकच चित्र सगळ्या खणांवर. तीन खणांवरून चढत गेलेली वेल किंवा फांदीवर बसलेला मोठा पक्षी फार देखणा दिसतो. त्यासाठी सगळे खण आपल्या जागी घालून पेटी पाठीवर आडवी ठेवा. चित्र खणांवर टाकून फटी कुठे येतात ते पेन्सिलीने टिपा आणि चित्र फटींवर कापूनच वेगवेगळे तुकडे चिकटवा. अखंड चिकटवून नंतर फटीत पातं घालायचा मोह होतो, पण ओलसर कागद पात्याबरोबर ओढला जातो. चिकटवलंच असेल तर पूर्ण वाळू द्या आणि पात्याऐवजी २२० चा तुकडा कडेवर वरून खाली, एकाच दिशेने घासा. कागद रेघेत तुटतो. पक्ष्याचा डोळा किंवा फुलाचा मधला भाग फटीवर येऊ देऊ नका, चित्र वर-खाली सरकवून तो एका खणाच्या पोटात आणा. मुठीचं भोक कुठे येतं तेही आत्ताच बघा, नाहीतर पक्ष्याच्या छातीत स्क्रू बसायचा.

स्टेन्सिल वापरणार असाल तर एकच नियम पुरेसा आहे: ब्रश जवळजवळ कोरडा. रंगात बुडवा, फडक्यावर झटकून टाका, आता रंग उरलाच नाही असं वाटलं की उभा धरून टोचत लावा. रंग जास्त झाला की तो पट्टीखाली शिरतो आणि कड बुजते.

सजावटीत हात आखडता घ्यावा असं माझं मत आहे. कागद, स्टेन्सिल, सोनेरी कडा, लेस आणि मोती हे सगळं एका वीतभर पेटीवर आलं की त्यातलं काहीच दिसत नाही. एक मुख्य चित्र घ्या, बाकी शांत ठेवा. उंच उठणारी मोती-लेस तर खणांवर नकोच, ती बोटांत अडकते आणि निघते.

## ७. व्हार्निश

डबा हलवू नका, काडीने सावकाश ढवळा. हलवलं की बुडबुडे होतात आणि ते तसेच वाळतात. तीन पातळ हात द्या, प्रत्येक दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. पहिल्या हातानंतर घासू नका, कागद खरवडला जाईल. दुसऱ्यानंतर ४०० ने अगदी हलका हात फिरवा.

मॅट आवडत असेल आणि खाली गडद रंग असेल, तर पहिले दोन हात चकचकीत व्हार्निशचे द्या, शेवटचा तेवढा मॅटचा. मॅटचे थर एकावर एक चढले की गडद रंगावर दुधाळ धुकं येतं. तेलातलं व्हार्निश मजबूत असतं, पण काळाबरोबर पिवळं पडतं. पांढऱ्या-निळ्या कामावर ते नको.

मेण आणि व्हार्निश यांचा क्रम उलटा करू नका. मेण लावलेल्या जागेवर व्हार्निश धरत नाही. आधी व्हार्निश सगळं उरकायचं, मेण नंतर, आणि तेही फक्त व्हार्निश न लावलेल्या लाकडाला.

## ८. मुठी, आतला भाग, सरकपट्ट्या

मूठ बदलायची तर स्क्रूची लांबी खणाच्या दर्शनी फळीच्या जाडीशी जुळवून घ्या. छोट्या पेट्यांची फळी पातळ असते आणि नेहमीचा स्क्रू आत बोटभर उरतो, तिथे हात खरचटतो. भोक करताना मागे टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट धरा, म्हणजे आतली बाजू फुटत नाही.

खणाच्या तळाला जाड छापील कागद किंवा फेल्ट (जाड मऊ कापड) मापाने कापून घाला. कागद गोंदाने न चिकटवता नुसता बसवला तर मळल्यावर बदलता येतो. खण ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांवर आणि खणाच्या खालच्या कडांवर मेणबत्ती घासा. एवढ्याशा मेणाने खण पुढे-मागे ज्या सफाईने जातो ते करून बघण्यासारखं आहे. पेटीच्या तळाला चार कोपऱ्यांत फेल्टचे गोल चिकटवा. तळावर तुमचं नाव आणि वर्षही टाका, ते खोडता न येणाऱ्या शाईने.

## ९. कडक होऊ द्या, मग बांधा

व्हार्निश दोन तासांत हाताला कोरडं लागतं. ते फसवं आहे. आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर ॲक्रिलिकचे दोन पृष्ठभाग एकमेकांना दाबून ठेवले तर चिकटतात. घट्ट मिटलेला खण अशा वेळी ओढला की चौकटीवरचा रंग खणाबरोबर येतो. पहिला आठवडा खण बाहेरच ठेवा. नंतर आत घाला, पण दर्शनी भाग आणि चौकट यांच्यामध्ये बेकिंग पेपरची पट्टी असू द्या. हवा दमट असेल तर आणखी आठवडा धरा. उन्हात ठेवून घाई करू नका. लाकूड वाकतं आणि कागदाला फोड येतात.

बांधताना खण हलू नयेत म्हणून पेटीभोवती कागदाची रुंद पट्टी गुंडाळा आणि त्या पट्टीच्याच टोकांना टेप लावा. टेप थेट रंगाला लावलीत तर ती काढणारा माणूस नक्षीही काढेल. बुडबुड्यांचं प्लॅस्टिकही थेट पेटीवर नको, नव्या व्हार्निशवर त्याचे गोल ठसे उठतात आणि जात नाहीत. आधी सुती कापड किंवा बेकिंग पेपर, मग प्लॅस्टिक, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. पेटी दूर पाठवायची असेल तर आठही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या करा आणि मुठी सोडवून सगळ्यात वरच्या खणात, कापडात गुंडाळून ठेवा. स्क्रूही तिथेच.

वरच्या खणात एक चिठ्ठी घाला: मुठी कशा बसवायच्या, पहिला महिनाभर ओलं फडकं लावू नका, गरम कप माथ्यावर ठेवू नका, आणि खण जड वाटायला लागला तर खालच्या पट्टीवर मेणबत्ती घासा.